चुंबकनाना आणि पितळी टाचणी

चुंबकनानांच्या वर्कशॉपमध्ये गेलात तर एक काळजी घ्या. हातातलं घड्याळ घेऊन भिंतीला टेकू नका. शेजारचा पंक्चरवाला एकदा असाच गप्पा मारत टेकला आणि त्याचं घड्याळ जे बंद पडलं ते आजतागायत बंद आहे. तरी तो ते रोज हातात घालून येतो, नानांना दाखवायला. त्या भिंतीला चुंबक, दाराला चुंबक, कामाच्या टेबलाच्या कडेला चुंबक. पाने लटकलेत ते चुंबकाला, कॅलेंडर टांगलंय ते चुंबकाने, आणि नानांचा स्वतःचा चष्मा हरवतो तेव्हा तोही बऱ्याचदा कुठल्यातरी चुंबकालाच चिकटलेला सापडतो.

नानांना नाव आहे, नाही असं नाही, पण ते आता फक्त लाइटच्या बिलावर उरलंय. गल्लीत, ड्रायव्हर लोकांत, सुट्या भागांच्या दुकानात ते चुंबकनाना. आणि काम एकच, डिफरन्शियल. इंजिन नाही, ब्रेक नाही, क्लच नाही. कुणी इंजिनाची तक्रार घेऊन आलं तर नाना हात झटकतात. "पुढचं पुढच्याला विचारा. मी मागचा माणूस."

डिफरन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधोमध असतो तो लोखंडी गोळा. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं आणि आतल्याला कमी. दोघांना एकाच दांड्याला घट्ट बांधलं तर जुंपलीच. हा गोळा मध्ये बसून दोघांची समजूत काढतो, तू जरा पुढे हो, तू जरा दमानं घे. नाना सांगतात, संसारातही असं एक माणूस लागतंच, आणि ते सांगताना स्वतःकडे बोट दाखवतात. त्यांची बायको तेव्हा शिलाई मशिनवरून मान वर करून नुसती बघते. त्या बघण्यात सगळं आलं.

आता गोळ्याच्या आत दातऱ्या चाकांवर दातरी चाकं घासणार, म्हणजे लोखंडाचा बारीक भुगा पडणार. तो भुगा ऑइलमध्ये फिरत राहिला तर पॉलिश पेपरसारखा दात खात सुटतो. म्हणून गोळ्याच्या खालच्या बुचाला एक छोटा चुंबक असतो, भुगा धरून ठेवायला. पण तो अगदीच चिमुकला. नाना काय करतात, ओव्हरहॉलिंगला आलेल्या प्रत्येक गोळ्यात तळाला आणखी एक दणकट चुंबक पट्टीने कसून बसवतात. गिऱ्हाइकाने मागितला नसला तरी. ऑइल बदलायला गाडी आली की बूच काढायचं, चुंबकावरची राखाडी साय अंगठा आणि बोटाच्या चिमटीत घ्यायची आणि डोळे मिटून चोळायची. काजळासारखी मऊ लागली तर गोळ्याचं वय झालंय, दुखणं नाही. बोटाला टोचली तर दात झिजत नाहीत, तुटतायत. "चुंबक खोटं बोलत नाही," हे नानांचं ब्रीदवाक्य. दिवसातून एकदा तरी ते कुणाच्या ना कुणाच्या डोक्यात घालायचेच.

या चुंबकांच्या घराण्याचा मूळपुरुष कोण, तर बायकोच्या शिलाईच्या डब्यातला घोड्याच्या नालासारखा चुंबक. लग्नाची नवी नवलाई होती. ती शिवणकाम करायची, जमिनीवर सांडलेल्या टाचण्या त्याने गोळा करायची. नानांनी तो बघितला, त्यांच्या डोक्यात चक्र फिरलं आणि चुंबक गायब झाला. बिचारी आठवडाभर घर उलथंपालथं करत होती. शेवटी नानाच फुशारकीने सांगून बसले, की तुझा चुंबक आता एका दहा टनी ट्रकच्या पोटात बसून सुखाने भुगा खातोय. "नवरा चोर निघाला," ती सासूला म्हणाली, "आणि चोरायला सोनं नाही मिळालं, चुंबक मिळाला!" मग तिने दुसरा चुंबक आणला आणि मशिनच्या पायाला साखळीने बांधला. तो अजून बांधलेलाच आहे. विश्वास एकदा गेला की गेला.

इथवर सगळं हसण्यावारी. पण नानांच्या या चुंबकप्रेमाच्या मागे गेल्या काही वर्षांत एक वेगळीच गोष्ट दडली होती आणि ती ते जिवापाड लपवत होते.

नानांना ऐकू येत नव्हतं.

अगदी ठार बहिरे नव्हेत. समोर उभं राहून बोलाल तर ओठ बघून, अंदाज बांधून बरोबर उत्तर देतील. ट्रकची घरघर कळायची, हातोडीचा दणका कळायचा. गेला तो बारीक आवाज. डिफरन्शियल बिघडायला लागलं की सगळ्यात आधी एक बारीक सूर काढतं. तरुणपणी नाना गल्लीच्या तोंडाशी वळणाऱ्या गाडीचा तो सूर ऐकून आतूनच ओरडायचे, "पिनियनचं बेरिंग गेलं!" लांबच्या गावांहून ड्रायव्हर यायचे ते या कानांसाठी. मग एक दिवस सूर पुसट झाला. नाना म्हणाले, आजकाल गाड्याच चांगल्या येतात. मग घरी कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम त्यांच्याकडे असताना बटाट्यांचा पार लगदा झाला. नाना म्हणाले, कुकर बिघडलाय. डिफरन्शियलच्या माणसाने कानाचं दुखणं कबूल करायचं म्हणजे गवंड्याने मला भिंत दिसत नाही म्हणण्यासारखं. झाकली मूठ सव्वा लाखाची! त्यांनी कान सोडला आणि चुंबक धरला. गाडी आली की पूर्वी आधी चक्कर मारायचे, आता आधी बूच काढायला लागले. लोकांना वाटलं, नानांचा अनुभव वाढला.

आता त्यांच्या लेकीबद्दल. एकुलती एक. लहानपणी शाळेतून आली की दप्तर फेकून वर्कशॉपमध्ये. नाना गाडीखाली, ही बाहेर बसून त्यांच्या हातात पाने देणार, आणि देता देता सारखी गुणगुणणार. ना शब्द ना चाल, आपलं तिचं तिचं काहीतरी. "कारखान्यात भुंगा शिरलाय," नाना म्हणायचे. पुढे मोठी झाली, परवाना काढला, कर्ज न काढता जुनी मिनीबस घेतली आणि सहलींची भाडी मारायला लागली. आणि गप्प झाली. निदान नानांना तसं वाटायचं. स्टिअरिंगवर बसली की समोर बघून गाडी हाकणार, तोंडातून अवाक्षर नाही. जबाबदारी आली की माणूस गंभीर होतं, नानांनी मनाची समजूत घातली. पण भुंग्याची आठवण त्यांना अधूनमधून यायची आणि जिवाला चुटपुट लागायची.

तर त्या संध्याकाळी लेक बस घेऊन वर्कशॉपमध्ये आली. दुसऱ्या दिवशी सकाळी निवृत्त नर्सबायकांची सहल होती, डोंगरावरच्या तळ्याला. भाडं आईच्याच ओळखीतून आलेलं. त्या बायकांच्या म्होरक्या म्हणजे जुन्या मेट्रनबाई, त्यांचे कपडे आई शिवायची.

"बाबा, मागून काहीतरी वाजतंय," लेक म्हणाली. "सरळ जाताना काही नाही. वळताना बारीक कुरकुर येते. उद्या डोंगर चढायचाय, एकदा बघता?"

"चल, चक्कर मारू," नाना ऐटीत म्हणाले.

दोघांनी चक्कर मारली. लेकीने चौकात बस वळवली आणि नानांकडे बघितलं. "आला ना?" नानांनी मान तिरकी केली, भुवया ताणल्या, जुन्या दिवसांसारखे डोळे मिटले. त्यांना इंजिनाची घरघर ऐकू आली. बाकी शांत. "हं," नाना म्हणाले. या 'हं'चा अर्थ काहीही होऊ शकतो, म्हणून तर तो त्यांचा लाडका शब्द होता.

वर्कशॉपमध्ये येऊन त्यांनी खाली ट्रे लावला, बूच काढलं, ऑइल सोडलं. चुंबकावर मऊसूत काजळ, तेही नखभर. बोटाला काही टोचलं नाही. नानांचा जीव भांड्यात पडला. नवीन ऑइल भरलं, बूच आवळलं आणि लेकीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "गोळा ठणठणीत आहे. टायरचा आवाज असेल. चुंबक खोटं बोलत नाही."

"नक्की ना बाबा? तुम्ही ऐकलात ना?"

"अगं, मी तुझा बाप आहे का गल्लीतला पंक्चरवाला?" नाना म्हणाले. हे उत्तर नव्हतं, पण लेकीने ते उत्तर म्हणून घेतलं. तिच्या आयुष्यात बाबांनी 'ठणठणीत' म्हटलेली गाडी कधी बंद पडली नव्हती.

सकाळी ती बस घेऊन गेली. नाना घरी निवांत पेपर चाळत बसले होते. बायको मेट्रनबाईंसाठीच एक रेशमी जाकीट शिवत होती. ते सहलीच्या आधी व्हायला हवं होतं, पण झालं नव्हतं, म्हणून ती आधीच तणतणत होती. त्यात हाताचा धक्का लागला आणि टाचण्यांचा डबा खाली. छन्न! नानांना तो आवाजही ऐकू आला नाही, पण टाचण्या पायाशी आल्या तशा दिसल्या.

"थांब, मी गोळा करतो," नाना उठले. चुंबक साखळीने बांधलेला, मग त्यांनी खिशातला स्वतःचा काढला आणि फरशीवरून फिरवला. टाचण्या पटापट उठल्या. नानांनी दोनदा फिरवून खात्री केली. "घे. एक राहिली असेल तर मिशी काढीन."

बायको उठली, पाऊल टाकलं आणि किंचाळली. "आई गं! अहो, ही काय!" तिने तळपायातून टाचणी उपटली आणि त्यांच्या नाकासमोर धरली. "काढा मिशी!"

"अशी कशी राहिली?" नाना चक्रावले.

"अशी कशी म्हणजे? पितळी आहे ती. रेशमाला मी पितळीच लावते, लोखंडी टाचणीचा गंज उतरतो कापडावर. आणि पितळ तुमच्या चुंबकाला दिसत नाही. एवढी वर्षं चुंबक चुंबक करताय आणि हे माहीत नाही होय! पितळी मी आधी हाताने वेचते आणि मग चुंबक फिरवते. सरका, वेचू द्या."

ती खाली बसून तळहात फरशीवरून फिरवायला लागली. नाना मात्र तसेच उभे. त्यांना माहीत नव्हतं असं कसं म्हणायचं? शेंबड्या पोराला माहीत असतं. पण माहीत असणं वेगळं आणि वेळेवर आठवणं वेगळं.

लेकीच्या बसच्या गोळ्यात, मधल्या चार छोट्या दातऱ्या चाकांच्या पाठीमागे, पितळेचे वायसर होते, पातळ गोल चकत्या. गाडी सरळ जाते तेव्हा ती छोटी चाकं स्वस्थ असतात. फिरतात ती फक्त वळताना. आणि पोर काय म्हणाली होती? वळताना कुरकुर येते. नुसत्या या एका वाक्यावर नानांनी पूर्वी गोळा उघडला असता. वायसर झिजले की छोटी चाकं सैल होतात, दात दातांवर अर्धेच बसतात, आणि डोंगराच्या वळणावर भरलेल्या गाडीचा भार आला की दात तुटून मध्ये अडकतात. मग मागचं चाक जागीच जाम होतं. वळणावर.

"काय झालं हो?" बायकोने विचारलं. नाना चपला न घालताच बाहेर पडले. वर्कशॉप घराला लागूनच. कालचं ऑइल अजून ट्रेमध्ये होतं. मागोमाग बायकोही लंगडत आली. "कापड दे," नाना म्हणाले. "पातळ, पांढरं." तिने खांद्यावरचं अस्तराचं कापड दिलं. नानांनी ते बादलीच्या तोंडावर ताणलं आणि काळं ऑइल त्यावर ओतलं.

ऑइल गळून गेलं. कापडावर बारीक पिवळे कण चमकत होते, सगळीकडे. नानांनी चुंबक वरून फिरवला. एकही कण हलला नाही.

"पोरीला फोन लाव," नाना म्हणाले.

फोन वाजत राहिला. कुणी उचलेना. कसा उचलेल? गाडी चालवताना फोनला हात लावायचा नाही, ही शिस्त खुद्द नानांनीच कान पिळून लावलेली. आपलेच दात आणि आपलेच ओठ! नाना बादलीशेजारी मटकन खाली बसले. बायको मात्र बसणाऱ्यातली नव्हती. "मेट्रनबाईंचा नंबर आहे माझ्याकडे," ती म्हणाली आणि लावलाही.

पलीकडे बसमध्ये नर्सबायकांचं समूहगान रंगात आलं होतं. आईने ओरडून सांगितलं, ते मेट्रनबाईंना कळलं, आणि मग त्यांनी जो आवाज लावला तो उभा वॉर्ड गप्प करणारा आवाज होता. "ए मुली, गाडी बाजूला घे! आत्ता!" हे मात्र नानांनासुद्धा फोनमधून ऐकू आलं.

चढण सुरू व्हायच्या आधीच्या पेट्रोल पंपावर बस थांबली. मेट्रनबाईंनी फोनचा स्पीकर लावून लेकीच्या हातात दिला. नानांनी बायकोच्या हातातला फोन ओढून घेतला.

"डोंगर चढू नकोस. गोळ्यातले वायसर गेलेत."

पलीकडून काहीतरी आलं. नानांना त्यातलं अक्षर कळलं नाही. त्यांनी फोन बायकोच्या कानाला लावला.

"ती विचारतेय," बायको म्हणाली, "काल तर तुम्ही ऐकून सांगितलंत ना, की टायर आहे."

आता इथे सारवासारव करता आली असती. नानांकडे 'हं' होता, चुंबक होता, कंपनीला शिव्या द्यायची सोय होती. पण समोर त्या कापडावर पिवळे कण चमकत होते.

"मी ऐकलं नाही," नाना फोनमध्ये म्हणाले. "मला ऐकू येत नाही गं. किती दिवस झाले, येत नाही. मी खोटं बोललो तुझ्याशी. गाडी हलवू नकोस, मी येतो."

बायकोने फोन परत आपल्या कानाला लावला. मग म्हणाली, "थांबते म्हणाली. या म्हणाली."

पंक्चरवाल्याच्या टेम्पोत बसताना नानांनी बायकोला हळूच विचारलं, "तुला धक्का नाही बसला?"

"कशाचा? त्या बटाट्यांनीच सांगितलं होतं मला."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"बोलले की. कितीदा बोलले. तुम्हाला ऐकू आलं नाही!"

पंपावर पोचले तेव्हा लेक बसच्या मागच्या चाकाजवळ उभी होती. नाना उतरले. तिने त्यांच्या अगदी समोर येऊन, ओठ दिसतील असं उभं राहून, एकेक शब्द सावकाश म्हटला. "बाबा, माझ्या गाडीत माणसं होती."

"हो," नाना म्हणाले.

"बहिरं असण्याचं काही नाही. पण मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो गं. रागाव माझ्यावर."

"रागावलेच आहे," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नानांना वाटलं, त्यापेक्षा तिने कानफटात मारली असती तरी चाललं असतं. आणि मग त्याच पोरीने पुढे होऊन त्यांच्या खांद्यावरची जड हत्यारांची पिशवी उतरवून घेतली.

पुढे रडायला वेळच मिळाला नाही, कारण नर्सबायकांनी नानांना घेरलं होतं. स्पीकरवर सगळं ऐकलेलं! सहलीसाठी मागवलेली दुसरी गाडी यायला अवकाश होता आणि इतक्या वर्षांनी हातात आयता पेशंट सापडलेला. एकीने त्यांना खुर्चीवर बसवलं. दुसरीने टॉर्च काढून कानात डोकावलं. "मळ आहे का?" "मळ नाही, ग्रीस आहे!" तिसरीने मागून टाळी वाजवली, चौथी "आजोबा, डावा की उजवा?" म्हणून ओरडली. नानांनी आयुष्यात हजार गोळे उघडून तपासले असतील, पण आपल्यालाच कुणी असं उघडून तपासेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. शेवटी मेट्रनबाई म्हणाल्या, "कानाचं यंत्र लावायचं. सोमवारी. मी स्वतः येणार आहे." आणि नाना "हं" म्हणाले तसं त्यांनी बजावलं, "'हं' चालणार नाही. 'हो' म्हणा." नाना हो म्हणाले.

बस ओढून वर्कशॉपमध्ये आणली. गोळा उघडला तर वायसर कागदासारखे पातळ झालेले आणि एकाचे तुकडे. दातांच्या टोकांना टवके पडायला सुरुवात झाली होती. डोंगर काही त्यांना पेलला नसता. नानांनी तो फुटका वायसर लेकीच्या तळहातावर ठेवला. दोघांनी मिळून काम केलं, नवीन वायसर, नवीन छोटी चाकं. मग मोकळ्या मैदानात लेकीने बस गोल गोल फिरवली, डावीकडून, उजवीकडून. नाना शेजारी बसून तिच्या तोंडाकडे बघत होते.

"आवाज?"

"नाही."

"नीट ऐक."

"ऐकलं बाबा. नाही."

आयुष्यात पहिल्यांदा नानांनी दुसऱ्याच्या कानावर गाडी पास केली. अवघड गेलं, पण केली.

सोमवारी मेट्रनबाई खरंच आल्या आणि नानांना वरातीसारखं कानाच्या यंत्रांच्या दुकानात घेऊन गेल्या. तिथेही नाना शेवटपर्यंत कां-कूं करत होते. हे टोचेल, ते पडेल, लोक काय म्हणतील. दुकानातली मुलगी शांतपणे यंत्र उलगडून दाखवत होती. हा माइक, ही बॅटरी, हा आतला चिमुकला स्पीकर. "स्पीकर?" नानांनी कान टवकारले, म्हणजे डोळे. "मग यात चुंबक असणार!" असतो, ती म्हणाली, तांदळाच्या कणीपेक्षा बारीक. "मग आधी नाही का सांगायचं!" नाना म्हणाले आणि कान पुढे केला.

घरी आल्यावर त्यांना पहिल्यांदा काय ऐकू आलं, तर बायको. "बापरे," ते म्हणाले, "तू इतकी वर्षं एवढं बोलत होतीस?"

वर्कशॉपमध्येही पद्धत बदलली. चुंबक आहेच, तो कुठे जातोय. पण ऑइल आता पांढऱ्या कापडातून गाळलं जातं, आणि कापड बायकोकडून मागून आणलं जातं, पळवलं जात नाही.

नर्सबायकांनी पुन्हा सहल काढली. पहिल्या वेळी दुसऱ्या गाडीत गाणी नीट जमली नाहीत म्हणे. लेकीची बस, तोच डोंगर, आणि यावेळी तिच्या शेजारच्या सीटवर नाना, कानात यंत्र. जाताना बायकांच्या गाण्याने त्या यंत्राची परीक्षाच झाली. बायका तिथे मुक्काम करणार होत्या, त्यामुळे परतताना बसमध्ये बाप-लेकच.

उतार होता. वळणामागून वळण. नाना मान तिरकी करून ऐकत होते, आणि यावेळी ते नाटक नव्हतं. टायरची सरसर वेगळी कळत होती, खिडकीच्या काचेची थरथर वेगळी. गोळा गुमान होता. पण काहीतरी होतं. बारीक. थांबत थांबत येणारं.

"थांब," नाना म्हणाले. "आवाज येतोय."

लेकीने दचकून बस कडेला घेतली. "कुठून? मला तर काही नाही ऐकू आलं."

"आता बंद झाला. चल पुढे, हळू."

बस निघाली. जरा वेळ काही नाही. मग एक वळण आलं, लेकीने सावकाश स्टिअरिंग फिरवलं, आणि आवाज आला. नानांनी खाली बघितलं. मागे बघितलं. मग शेजारी बघितलं. लेकीचे डोळे रस्त्यावर होते, ओठ मिटलेले होते, आणि मिटल्या ओठांआड ती गुणगुणत होती. ना शब्द ना चाल.

"तू गुणगुणतेयस," नाना म्हणाले.

"हो? असेन. सवय आहे."

"पुन्हा कधी सुरू केलंस?"

"पुन्हा म्हणजे?" ती हसली. "बाबा, मी थांबवलं कधी होतं? रोजच चालू असतं की. तुम्ही शेजारी बसलेले असता तेव्हासुद्धा."

नानांनी चष्मा काढला आणि खिशातल्या कामाच्या फडक्याने पुसला. काचांना ग्रीस लागलं आणि समोरचं सगळं धूसर झालं. तो त्यांनी तसाच डोळ्यांवर चढवला.

लेकीने काळजीने विचारलं, "बाबा, गाडी थांबवू का?"

"गाडी चालू दे," नाना म्हणाले. "आणि तू थांबू नकोस."